पहिल्या वेचणीची बंडी

अन्सारभाईंनी बंडी तख्तावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरून ते लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"घालून पाह्य."

फरहानं बंडी उचलली. बाहेरून गडद निळं जाड कापड, आतून मऊ मलमल आणि मधे कापूस. तोही कुठला तरी नव्हे. राळेगावकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं घरच्या वापरासाठी ठेवलेला पहिल्या वेचणीचा कापूस त्यांनी मागून आणला होता, हातानं कचरा वेचला होता आणि दोनदा पिंजला होता. टाके पट्टी ठेवून मारल्यासारखे सरळ. मृग लागून गेला तरी पांढरकवड्यावर ढगाचा पत्ता नव्हता. पत्र्याखालच्या त्या खोलीत अंगातला सदरासुद्धा नको वाटत होता. तरी फरहानं बंडी घातली, वरपर्यंत गुंड्या लावल्या.

"गरम होते?"

"हव अब्बा. बहुत."

"मंग बराबर झाली."

आतून अम्मीचा, जोहराबीचा आवाज आला, "इथं भिंतीलेही घाम येऊन राह्यला अन् पोरीले उकडून काढता का?"

"तिथं बर्फ हाय. तुले काय समजते त्यातलं?"

"अन् तुमाले बहुत समजते! जिंदगीत चिखलदऱ्याच्या वर गेले का कधी?"

अन्सारभाई हसले आणि हसता हसता खोकू लागले. तो खोकला फरहाला पाठ होता. पंधराव्या वर्षापासून ते कापूस पिंजत आले होते, आधी बापाच्या हाताखाली कमानीवर, मग मशीनवर. दुकानात हवेत तरंगणारा तंतू रोज थोडाथोडा छातीत जाऊन बसला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं होतं, की पहाडाचं नाव काढू नका, तिथं धडधाकट माणसाला दम लागतो. म्हणून जाणार होती फरहा. उपजिल्हा रुग्णालयातली नर्स, सत्तावीस वर्षांची, जिनं बर्फ पाहिला होता तो रसवंतीवर.

तख्तावर तिचं सामान पसरलेलं होतं. नागपूरहून आणलेले जाड तळाचे बूट ती रोज घरात घालून फिरायची, पायाला सवय व्हावी म्हणून, आणि अम्मी रोज म्हणायची की फरशीवर घोडा चालून राह्यला. बाकी लोकरी मोजे, सुळसुळीत कापडाची जाकिटं, डोक्याला बांधायची बॅटरी, उंचीवर डोकं दुखलं तर घ्यायच्या गोळ्या. जाणं होतं लडाखकडच्या एका खोऱ्यात. तिथं जाणारा कच्चा रस्ता दरड कोसळून कायमचा बंद झाला होता. आता उरली होती चार दिवसांची पायवाट, आणि मधे साडेचौदा हजार फुटांची खिंड. खिंडीपलीकडे मेंढपाळांचं लहानसं गाव होतं. त्या गावाच्या कब्रस्तानात तिचा भाऊ सैफ होता.

सैफला कापसाची धूळ नको होती. हायवेच्या कडेला वाढलेलं पोर, ट्रकचा हॉर्न ऐकून गाडी कोणती ते सांगणारं. मूळ फुलसावंगीचे पूनमसिंग राठोड जुने ड्रायव्हर, अन्सारभाईंचे दोस्त. त्यांच्यासोबत तो जोडीचा ड्रायव्हर म्हणून लागला. जाताना अन्सारभाईंनी त्याला एक रजई भरून दिली होती, लाल खोळीची. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात ते दोघं त्या खोऱ्यातल्या कामावर पाइप घेऊन गेले. अवेळी बर्फ पडला. पांढरकवड्याला फोन आला तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

अन्सारभाईंचं मशीन त्यानंतर कितीतरी दिवस बंद होतं. मग पूनमसिंग परत आले, त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "झोपेतच गेला भाऊ. तुमची रजई अंगावर होती." त्या एका वाक्याचा आधार धरून अन्सारभाई उठले. दुकानात कोणी गादी भरायला आलं, की बोलता बोलता विषय सैफवर यायचाच, आणि मग ते सांगायचे, "तकलीफ नाही झाली पोराले. माझ्या हातची रजई शेवटपर्यंत त्याच्या अंगावर होती." गिऱ्हाईक मान खाली घालायचं. अन्सारभाई कापसाचा पुढचा घास मशीनला द्यायचे.

एकच गोष्ट त्यांना सलत होती. त्यांनी पोराला मिट्टी दिली नव्हती. कबरीत उतरवल्यावर प्रत्येक जण तीन ओंजळी माती टाकतो. बापाच्या त्या ओंजळी राहून गेल्या होत्या. त्या आता फरहाच्या हातून जायच्या होत्या.

"बायामाणसं कुठं मिट्टी देतात?" जोहराबीनं विचारलं होतं.

"देणारा मी हाय. ते फक्त नेऊन राह्यली," अन्सारभाई म्हणाले होते.

बंडी मिळाली त्याच संध्याकाळी तिकडच्या वाटाड्याचा फोन आला. तंबू, घोडं, जेवण असं सगळं ठरवून झाल्यावर तो म्हणाला, "और दीदी, सूती कुछ भी मत लाना."

फरहाला आधी हसूच आलं. "भैया, हमारे यहाँ तो कपास ही होती है."

"वहीं रखके आना. गीला सूती कपड़ा आदमी को खा जाता है."

फोन ठेवला तरी ते शब्द तिच्या कानातून जाईनात. त्याच सकाळी वॉर्डात तिनं काय केलं होतं? शेतात पडलेल्या एका मजुराला आणलं होतं, अंग तव्यासारखं तापलेलं. तिनं सुती चादर पाण्यात बुडवून त्याच्या अंगाला गुंडाळली आणि पंखा लावला. ओला कापूस आणि वारा मिळून माणसाची उष्णता ओढून घेतात. उन्हाळाभर ती याच उपायानं माणसं वाचवत होती. तेच तिथं, बर्फात, कोणाच्या अंगावर असेल तर?

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीप्रमाणे गावामागच्या टेकडीवर गेली. सरावासाठी पाठीवरच्या बॅगेत सरकी भरलेली असायची. पूनमसिंग बरोबर असायचे, कारण कबर कुठली ते त्यांनाच माहीत होतं आणि तेही येणार होते. पंचावन्न वर्षांचा, पिळदार मिशांचा माणूस, चढावर तिच्या पुढं.

"जिल्ह्यातली सारी सरकी पाठीवर घेऊन राह्यली का? चाल ना भरभर!"

"काका," ती उभी राहिली. "सैफभाईची रजई ओली झालती का?"

पूनमसिंगांनी मागं पाहिलं. मग जवळच्या दगडावर बसले. मिशीवरून हात फिरवला, विडी काढली, पण पेटवली नाही.

"कोणं सांगतलं तुले?"

"कोणी नाही."

"आधी पाणी आलं," ते म्हणाले. "मंग बर्फ. गाडी फसली. खाली गाव दिसून राह्यलं होतं, म्हटलं चाल पायी. केबिनमधलं जे होतं ते गुंडाळून निघालो. माझ्या दोन चादरी ओल्या गच झाल्या, मी फेकल्या. ताडपत्रीचा तुकडा होता तो अंगाले बांधला. त्याच्यासाठीही फाडला. म्हटलं, फेक ते रजई. पाणी पिऊन अशी जड झालती की दोघानं उचलाव. ऐकलंच नाही पोरानं."

"काहून?"

"म्हणे, अब्बाच्या हातची हाय काका. फेकू कशी?"

खाली हायवेवरून ट्रक जात होते. इतक्या उंचावरून ते आगपेटीएवढे दिसत होते.

"गावात पोचलो तेव्हा जित्ता होता. त्या लोकांनी चुलीपाशी घेतलं. नाही राह्यला."

"अन् तुम्ही अब्बाले झोपेत गेला म्हणून सांगतलं."

"तुह्या बापाचं तोंड पाह्यलं अन् सांगतलं. दुसरं काय सांगणार होतो मी?" त्यांनी विडी पुन्हा खिशात घातली. "तूही तेच सांग. चुपचाप बंडी घेऊन निघ, नागपुरात कुठं ठेवून दे."

फरहानं तसंच ठरवलं. नागपूरला मैत्रिणीकडे थांबायचंच होतं, बंडी तिथं कपाटात राहील आणि परत येताना घालून यायची. इतक्या साध्या लबाडीनं बापाचं वाक्य शाबूत राहणार असेल, तर त्यात वाईट काय? पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना ती रोज याहून मोठी लबाडी करत होती.

पण अन्सारभाईंनी दुसरी बंडी शिवायला घेतली, पूनमसिंगांसाठी.

ती तयार झाली त्या संध्याकाळी पूनमसिंग सामान बघायला आले होते. अन्सारभाईंनी त्यांच्या मांडीवर बंडी ठेवली. पूनमसिंगांनी ती दोन बोटांनी धरली, तव्यावरची भाकर धरावी तशी.

"मले कायले भाऊ? माझ्या अंगात चरबी कमी हाय का?"

"हाय तेवढी चरबी जिभेतच हाय तुझ्या. घालून त पाह्य."

"राहू द्या ना. ओझं होते."

"ओझं?" अन्सारभाईंना खरंच नवल वाटलं. ज्यानं ती थंडी पाहिली, तोच नको म्हणतो? त्यांची नजर तख्तावरच्या सामानाकडे गेली. ते उठले आणि एकेक वस्तू बोटांत धरून बघू लागले. पिंजाऱ्याची बोटं ती, कापड चाचपून त्याचं गोत्र सांगणारी. जाकीट, नायलॉन. पँट, नायलॉन. मोजे लोकरीचे. टॉवेलसुद्धा कसल्याशा चरचरीत धाग्याचा.

"कापसाचं एक चिंधूकही नाही घेतलं काहून?"

"वजन होते अब्बा," फरहा घाईनं म्हणाली.

"कापसाले कसलं वजन वो? पाण्याशिवाय कापसाले वजन..."

त्यांचा हात टॉवेलवर थांबला. पूनमसिंग खाली जमिनीकडे बघत होते. अन्सारभाईंनी दोन्ही बंड्या उचलल्या, घडी घातली आणि ते दुकानात निघून गेले. जाताना मात्र म्हणाले, "चहा घेऊन जाय पूनमसिंग."

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटी संपवून फरहा घरी आली तर मशीन बंद होतं आणि आतून कूलरचा आवाज येत होता. जोहराबी दारातच उभी होती.

"पाह्य तुझ्या बापाले. डोस्कं फिरलं त्याइचं."

अन्सारभाई कूलरच्या अगदी तोंडासमोर स्टुलावर बसले होते. अंगात निळी बंडी होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. पायाशी बादली, बादलीत बर्फाच्या लादीचे तुकडे तरंगत होते. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्यांचे ओठ काळपट पडले होते, दातावर दात वाजत होते.

फरहा धावली. गुंड्यांना हात घातला तशी त्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांब. अजून पुरं नाही झालं."

"अब्बा, काढा ते! छाती भरून येईन!"

"मागच्या उन्हाळ्यात मले उनाचा झटका आलता. तू ओली चादर लावली मले, पंखा लावला. मी थरथरलो होतो. आठवते?" त्यांना शब्द नीट जुळवता येत नव्हते. "काल रातच्यानं तेच आठवून राह्यलं. सैफची रजई ओली झालती?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. तो शब्द तिच्या जिभेवर तयार होता. पण समोर तिचा बाप बर्फाच्या पाण्यात भिजून बसला होता. ज्यानं उत्तर स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिलं, त्याला खोटं कसं सांगायचं?

"झालती," ती म्हणाली.

"पूनमसिंगनं फेक म्हटलं असन."

"म्हटलं."

"अन् त्यानं नाही फेकली."

अन्सारभाईंनी तिचं मनगट सोडलं.

"माझ्या हातची म्हणून," ते म्हणाले.

जोहराबीनं कूलर बंद केला. एकदम इतकी शांतता झाली, की बंडीतून फरशीवर पडणारे थेंब ऐकू येऊ लागले. मायलेकींनी मिळून ती बंडी उतरवली. दोघींच्या हातालाही ती जड लागली. फरहानं त्यांचं अंग कोरडं केलं, वरून घोंगडी टाकली. जोहराबी चहा घेऊन आली आणि बशी त्यांच्या ओठाला लावून म्हणाली, "थंडीनं नेलं त्याले. तुम्ही नाही."

अन्सारभाईंनी दोन घोट घेतले. मग म्हणाले, "आपल्या इथं रजई भिजली त उन्हात टाकतो. दुपारपर्यंत खडखडीत वाळते. माझ्या बापानं मले सारं शिकवलं, पण ओल्या रजईचं काय करायचं ते शिकवलंच नाही, कारण ऊन हाय ना. मले काय मालूम, दुनियेत असंही गाव असन जिथं काही वाळतच नाही."

पुढं दोन-तीन दिवस दुकानाचं शटर अर्धंच वर असायचं. पूनमसिंग येऊन समोर बसायचे, कोणी कोणाशी बोलायचं नाही. एकदा फक्त पूनमसिंग म्हणाले, "भाऊ, मी झूट बोललो." आणि अन्सारभाई म्हणाले, "तीन वर्षं जगवलं तू मले त्या झुटावर. जाय आता, चहा सांग."

निघायच्या आदल्या दिवशी एक तरुण ड्रायव्हर रजई विचारत आला. फरहा मागच्या खोलीत बॅग भरत होती. तिनं ऐकलं, अब्बा विचारत होते, "कुठं जातं तू गाडी घेऊन?"

"हैद्राबाद, चाचा. कधी रायपूर."

"पहाडात?"

"नाही बा."

"मंग देतो. अन् पहाडात जायचं झालं त मले विचारल्याबिगर जाऊ नको. तिथं माझी रजई कामाची नाही." थोड्या वेळानं मशीन सुरू झालं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गिऱ्हाइकाला ते जुनं वाक्य सांगितलं नव्हतं.

मशीन थांबल्यावर ते मागं आले. हातात निळ्या कापडाची एक लहान थैली होती. बंडी त्यांनी उसवली होती. आतला कापूस काढून टाकला होता आणि नुसत्या वरच्या कापडाची थैली शिवली होती. आतून खताच्या पोत्याचं प्लास्टिक लावलं होतं, पाणी जाऊ नये म्हणून. थैलीत माती होती. सकाळी ते कब्रस्तानात जाऊन आले होते. आपल्या वालिदच्या कबरीशेजारची, जिथं पुढं त्यांना आणि त्यांच्यानंतर सैफला यायचं होतं, तिथली काळी माती. ती चाळून, उन्हात पसरून त्यांनी अशी सुकवली होती की बोटांतून राखेसारखी गळत होती.

"तीन ओंजळीची हाय," ते म्हणाले. "माझ्या ओंजळीच्या."

फरहानं थैली बॅगेत अगदी मधोमध ठेवली, चारी बाजूंनी जाकिटं लावून. जोहराबीनं आणून ठेवलेला तिळाच्या लाडवांचा डबा त्यापायी काढावा लागला, तर ती म्हणाली, "घे ना मिट्टीच. लाडू पूनमसिंगच्या पोटात जातील, तेही ओझंच हाय."

सकाळी नागपूरची एसटी धरायला तिघं स्टँडवर आले. पूनमसिंग आधीच येऊन खिडकीजवळची जागा धरून बसले होते आणि कंडक्टरशी हुज्जत घालत होते, की बॅग मांडीवर घेतली तर तिचं तिकीट कसलं. जोहराबीनं लेकीच्या दंडाला प्रवासात रक्षण करणारा इमामजामिन बांधला, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती पदर तोंडाला लावून बाजूला झाली.

अन्सारभाईंनी बॅग उचलून लेकीच्या पाठीवर चढवली. पट्टे ओढून बसवले. एक हात मात्र बॅगेवर तसाच राहिला, थैली होती त्या जागी.

"फरहा, ऐक."

"हं अब्बा."

"वर काही झालं, पाणी आलं, जड वाटून राह्यलं, पूनमसिंग म्हणे फेक, त फेकून देजो. जे असन ते."

"हव."

"हव नाही. मिट्टी भी." त्यांचा आवाज खरखरला, पण खोकला त्यांनी दाबून धरला. "अब्बाच्या हातची हाय म्हणून ठेवू नको. समजलं का? म्हण, फेकीन."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. पूनमसिंगांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं, ते पुन्हा आत घेतलं. फरहाला वाटलं, हे आपल्याच्यानं म्हणवणार नाही. तिनं खाली पाहिलं, मग बापाच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर तिला आज पहिल्यांदा सैफ दिसला, हट्टानं ओठ मिटलेला.

"फेकीन अब्बा," ती म्हणाली.

तेव्हा कुठं त्यांनी बॅगेवरचा हात काढला.